मनीची पेटी कोणी उचलायची?

दिवाळी अंकात मांजराच्या शीवर लिहितो आहे, तेव्हा फराळाचे ताट शेजारी ठेवून अंक उघडणाऱ्यांची आधीच माफी मागतो. पण ज्या विषयावरून एका मराठी घरात तीन आठवडे धुसफूस चालली, देवासमोरचे आसन क्लिकोत गेले आणि एका म्हाताऱ्या मांजरीची परत आश्रयगृहात रवानगी होता होता टळली, तो विषय अगदीच हलका म्हणता येत नाही. शिवाय आपल्यातल्या बऱ्याच घरांत आता मांजर आले आहे. मुले हट्ट करतात, कुत्रा झेपत नाही, मग मांजरावर तडजोड होते. पुढचे कोणी बोलत नाही.

आमच्याकडे सुरुवात नातीने केली. शाळेच्या सहलीत तिने ॲमस्टरडॅमच्या सिंगल कालव्यावरची मांजरांची बोट पाहिली. 1966 साली हेनरिएट फान वेल्डे या बाईंनी घरासमोरच्या झाडाखाली सापडलेल्या एका मांजरीला पिल्लांसह आसरा दिला, घर अपुरे पडू लागले तेव्हा बोट घेतली, आणि ती परंपरा आजही चालू आहे. एवढे ऐकून आल्यावर नात ऐकते कशाला! मुलाने दुसऱ्या एका आश्रयगृहातून अकरा वर्षांची मांजरी आणली. कागदावर तिचे नाव प्लाउस, घरात मनी.

मुलाचे घर ॲमस्टलवीनला, इथल्या नेहमीच्या रांगेतले. खाली दिवाणखाना आणि त्यालाच जोडलेले स्वयंपाकघर, दाराशी चिंचोळे टॉयलेट, वर झोपायच्या खोल्या, त्यावर माळा, आणि या सगळ्यांना जोडणारा शिडीसारखा जिना. देवघर दिवाणखान्यातल्या कपाटात. अशा घरात मांजराची मातीची पेटी कुठे ठेवायची? (डच लोक तिला कातनबाक म्हणतात. आम्ही नुसती 'पेटी' म्हणतो आणि गाण्याच्या बैठकीला आलेल्या पाहुण्यांचा घोटाळा होतो.)

लहानपणी साताऱ्याच्या वाड्यात हा प्रश्न नव्हता. मांजर परसात जाई, नाहीतर चुलीतून काढलेल्या राखेच्या ढिगात उकरून, झाकून येई. इथेही पुष्कळ लोक मांजर बाहेर सोडतात. पण 2019 साली टिलबर्ग विद्यापीठातल्या दोन कायदेतज्ज्ञांनी मांडले की युरोपीय निसर्गकायद्यांप्रमाणे मांजरे मोकाट सोडू देणेच बेकायदेशीर आहे, कारण ती पक्षी मारतात. तो वाद चालू राहील. शेजाऱ्यांच्या मुलांच्या वाळूच्या खड्ड्यावर झाकण का असते हे मात्र मला त्यानंतर कळले. मनी घरातच राहते. म्हणजे पेटी आली.

पेटीतल्या मातीबद्दल थोडे लिहितो. आयुष्यभर मातीच शिकवली, मोह आवरत नाही. बाजारी मांजरमातीचा जन्म 1947 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात झाला. शेजारीण मांजरासाठी राख वापरायची आणि घरभर काळी पावले उमटायची. तिने एडवर्ड लो नावाच्या तरुणाकडे वाळू मागितली. त्याच्याकडे कारखान्यांत सांडलेले तेल शोषायला विकायची माती होती, ती त्याने दिली. ही माती म्हणजे आपली मुलतानी माती! आपल्याकडे बायका जी चेहऱ्याला लावत होत्या, तिच्यावर त्या माणसाने धंदा उभा केला. हल्लीची गोळा होणारी माती वेगळी, ती बेंटोनाइट. आपल्या कच्छात आणि बारमेरकडे तिच्या खाणी आहेत. तिच्या कणांचे थर पत्त्यांच्या कॅटसारखे असतात, पाणी मधे शिरले की थर दूर सरकतात आणि माती फुगून घट्ट गोळा होते. पाया खणताना खड्ड्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून इंजिनियर हिचाच गाळ वापरतात.

हे सगळे वर्गात कित्येक वर्षे सांगितलेल्या माणसाने एके दिवशी दोन गोळे टॉयलेटमध्ये टाकून फ्लश ओढला. पाइपात मातीने आपला धर्म पाळला. प्लंबरने माझे शिक्षण विचारले नाही, हे त्याचे उपकार.

तर जागेचा प्रश्न. घरात कोणालाच पेटी डोळ्यासमोर नको होती. त्यातून उन्हाळ्यात विहीणबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या. त्यांचे म्हणणे साधे होते. "मांजर ठेवा हो, पण ते डबडं देवाच्या मजल्यावर नको." म्हणून पेटी माळ्यावर गेली. वर झाकण असलेली, पुढे झडप, आत लव्हेंडरच्या वासाची माती. दिसत नव्हती, वास येत नव्हता, आणि दोन-दोन दिवस कोणी वर फिरकतही नव्हते. एका सकाळी मनीने देवासमोरच्या आसनावर लघवी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नवे आसन आणले, त्यावरही.

विहीणबाईंनी पूजा वरच्या खोलीत हलवली आणि बोलणे कमी केले. मुलगा म्हणाला, परत देऊन टाकू. नातीने जेवण सोडले. मांजर सूड उगवते आहे असे घरातल्या निम्म्या लोकांचे ठाम मत झाले.

मांजर सूड उगवत नाही. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, ती ठीक निघाली. मग त्यांनी मनीच्या मागच्या पायांचे सांधे दाबून पाहिले. तिला संधिवात होता आणि आम्ही तिला दोन जिने चढायला लावत होतो. वर पोचले तरी उंच काठावरून आत उडी, आत कोंडलेला वास, त्यावर लव्हेंडर. माझे गुडघे मला रात्री उठल्यावर काय सांगतात ते आठवून मी खाली पाहिले.

पेटी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात आली. उघडी, एका बाजूने काठ कापलेली, मनीच्या लांबीच्या दीडपट, बिनवासाची माती चार बोटे खोल. खाण्याच्या ताटलीपासून दूर, कारण जेवतो तिथे जाणे मांजरालाही आवडत नाही. डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या की जितकी मांजरे तितक्या पेट्या आणि वर एक, म्हणून दुसरी वरच्या न्हाणीघरात ठेवली. आसनाखालची जागा लघवीचा वास मोडणाऱ्या एन्झाइमच्या द्रावणाने धुतली. अमोनियाचे फिनेल चालत नाही, त्याचा वास मांजराला लघवीसारखाच वाटतो आणि ते पुन्हा तिथेच येते. आठवडा लागला नाही. 'मांजराला शिस्त लावणे' म्हणतात त्यातले मनीला काहीही शिकवावे लागले नाही. उकरून झाकणे तिला उपजत येते.

विहीणबाईंचेही मला पटते. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या बाईला देवाच्या खोलीत ही पेटी खुपणारच. पण पेटी नजरेआड गेली की साफ होत नाही आणि घाण राहते ती तेव्हा. दिवाणखान्यात असली की लाजेने का होईना, दोनदा उचलली जाते. त्यांनी शेवटी देव वरच ठेवले. तेही ठीक. देवांना जिना चढवणे मनीपेक्षा सोपे होते.

आता मूळ मुद्दा. पेटी उचलत होते कोण? नातीने वचन दिले होते, ते दहा दिवस टिकले. नऊ वर्षांच्या मुलीकडून याहून जास्त अपेक्षा करू नये. मग सूनबाई. नोकरी, स्वयंपाक, मुलीची शाळा आणि वर हे. कोणी तिला सांगितले नव्हते, ते आपोआप तिच्याकडे गेले, जसे आपल्या घरांत जाते. या वर्षी तिला दिवस राहिले तेव्हा सुईणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारले, "घरी मांजर आहे का?"

कारण टॉक्सोप्लाझ्मा. हा परजीवी मांजराच्या शीतून येतो आणि गरोदरपणात प्रथमच लागण झाली तर बाळाला धोका असतो. पण म्हणून मांजर घालवून देण्याची गरज नाही, हेही त्यांनीच सांगितले. मांजराला पहिल्यांदा लागण झाली की ते एकदोन आठवडे, फार तर तीन, हे बीज बाहेर टाकते, आणि शीतले बीज लागण करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोज पेटी साफ झाली तर ती वेळच येत नाही. घरात राहून डब्यातले खाणाऱ्या मांजरापेक्षा कच्चे मांस, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती यांचा धोका जास्त. इथे पावाला लावून खातात ते फिले अमेरिकें हे कच्चे गोमांस आहे, ते गरोदरपणी वर्ज्य. आपल्यातले शाकाहारी निर्धास्त असतात, पण भाड्याच्या बागेतली मेथी धुवायलाच हवी, आणि वाफ्यात हात घालताना मोजे हवेत. पेटी मात्र दुसऱ्याने उचलावी.

दुसऱ्याने म्हणजे कोणी? मुलगा म्हणाला, "बाबा, गुरुवारी साफसफाईला बाई येतात, त्यांना सांगू का?"

गुरुवारी! मनी काय गुरुवारपर्यंत थांबणार आहे? पण माझा राग वाराचा नव्हता. साताऱ्याच्या आमच्या वाड्यात टोपलीचे संडास होते. मागच्या बोळातून एक माणूस यायचा आणि आमची घाण डोक्यावरून न्यायचा. त्याचे नाव मला माहीत नाही. घरात कोणालाच माहीत नव्हते, आणि आम्ही सुशिक्षित समजले जाणारे लोक होतो. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास साफ करण्याचे काम मागून घेतले, ते मिळेना म्हणून अन्न कमी केले, आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास आरंभला. आमच्या घरी अप्पासाहेबांबद्दल आदराने बोलत, आणि बोळातले दार तसेच उघडे राही. भारतात या कामाविरुद्ध कायदा झाला 1993 मध्ये, दुसरा 2013 मध्ये. मांजराच्या पेटीची त्या टोपलीशी तुलना करणे उर्मटपणाचे होईल, ती मी करत नाही. पण घरातली घाण दुसऱ्या कोणीतरी उचलायची असते, ती बाई असेल किंवा पैसे देऊन बोलावलेली असेल, ही सवय तिथूनच आपल्याबरोबर विमानात बसून आली आहे.

माझे मत असे. मांजर आणायचे ठरले की आणण्याआधी घरातल्या पुरुषाने 'पेटी मी उचलीन' असे म्हणावे. नसेल म्हणायचे तर मांजर आणू नये. मी चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे काम प्रथम केले. तीन मिनिटे लागतात. झाऱ्याने गोळे उचलायचे, पिशवीला गाठ मारायची, ती करड्या क्लिकोत टाकायची. बहुतेक नगरपालिकांत ही माती जीएफटीत चालत नाही, लाकडाची भुकटीसुद्धा. आपल्या गेमेंटची यादी पाहावी. जिथे कचऱ्याचे पैसे टाकण्यावर असतात तिथे चिकणमातीचे वजन आणि जागा लक्षात येते, लाकडाच्या गोळ्या हलक्या पडतात. महिन्यातून एकदा सगळी माती बदलून पेटी गरम पाण्याने साबण लावून धुवायची. मग हात.

आणि उचलणाऱ्यालाच कळते. गोळे लहान झाले, मोठे झाले, शी पातळ झाली, हे मांजर तोंडाने सांगत नाही. बोका वारंवार पेटीत बसून कळा देत असेल आणि गोळाच नसेल तर त्याची लघवी अडली आहे. त्याच दिवशी, रविवार असला तरी, डॉक्टर गाठावा, उशीर जिवावर बेततो. गुरुवारच्या बाईंना हे कसे कळावे?

सध्या सकाळची पाळी मुलाची, संध्याकाळची नातीची आणि माझी. ती झारा धरते, मी पिशवी. सप्टेंबरात नातू झाला. डिसेंबरात सगळे चार आठवडे पुण्याला जाणार आहेत, तेव्हा मनी आमच्याकडे येईल. पेटी कुठे ठेवायची यावर सौ.शी बोलणी चालू आहेत. देवघराच्या खोलीला तिचा नकार आहे, माझ्या अभ्यासाच्या खोलीला माझा होता. तो मी परवा मागे घेतला.