लेकरू वाढते, पोटगी का वाढत नाही?

तलाकचा विषय निघाला की आपल्या जमातीत मेहर आणि इद्दतवर तासन्‌तास चर्चा होते. लेकराच्या खर्चावर मात्र एकच वाक्य : "रक्कम ठरली, विषय संपला."

विषय संपत नाही. मुलगी पहिलीत असताना ठरलेली रक्कम ती नववीत गेली तरी तीच राहते. दरम्यान बाप यंत्रमागावरची मजुरी सोडून आखातात गेलेला असतो. आईने वाढ मागितली की तिने घरची अब्रू चव्हाट्यावर आणली, असा बोभाटा होतो. मग एके दिवशी मुलगी शाळेत येईनाशी होते. तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडताना आम्हा शिक्षकांना तो 'संपलेला विषय' आठवतो.

कायद्याने ही रक्कम कधीच गोठवलेली नाही. परिस्थिती बदलली की पोटगीत बदल मागता येतो. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 127 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 146 मध्ये आहे. 'हा कायदा आपल्याला नाही' म्हणणाऱ्यांनी नूर सबा खातून खटल्याचा 1997 चा निकाल वाचावा. 1986 च्या मुस्लिम महिला कायद्यातली दोन वर्षांची मर्यादा मुलांच्या पोटगीच्या हक्काला लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट केले.

आणि शरियत? सूरह अत-तलाकची सातवी आयत ऐपतवाल्याला ऐपतीप्रमाणे खर्च करायला सांगते. ज्याची रोजी आटली त्याच्यावर कुवतीबाहेरचा बोजा टाकत नाही. ऐपत बदलली की नफकाही बदलणार, हे यात आलेच.

हा न्याय बापालाही आहे. माग बंद पडला, आजारपण आले, तर त्याने अर्ज करून रक्कम कमी करून घ्यावी. पण अर्ज न करता पैसे थांबवणे ही लबाडी आहे. नवा हुकूम होईपर्यंत जुनी रक्कम देणे लागतेच. 'माझ्याकडे काही नाही' म्हणूनही भागत नाही. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न-मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देणे भाग पाडले आहे. आईनेही गाफील राहू नये. थकबाकीच्या वसुलीचा अर्ज रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो.

जमातीच्या बुजुर्गांना एकच सवाल. निकाहात मेहरची रक्कम तुम्ही गवाहांसमोर मोठ्याने सांगता. लेकराच्या फीचा हिशेब निघाला की तुमचा आवाज का बसतो?