आजीवन हमी आणि हुकलेला नेम

अमेरिकेत रायफलवर बसविण्याच्या दुर्बिणींच्या विक्रीत हमीपत्र हे जाहिरातीचे प्रमुख अस्त्र बनले आहे. ओरेगॉनमधील ल्यूपोल्ड आणि विस्कॉन्सिनमधील व्हॉर्टेक्स या कंपन्या सदोष दुर्बीण आयुष्यभर विनामूल्य दुरुस्त करून अथवा बदलून देण्याची हमी देतात. त्यासाठी पावतीची वा मूळ खरेदीदार असण्याची अटही नाही. साहजिकच ग्राहकांचा ओढा अशा नावांकडे असतो. मात्र, चांगली हमी म्हणजे भरवशाची वस्तू, हे समीकरण तपासून पाहणे आवश्यक आहे.

दुर्बिणीची खरी कसोटी भिंगांइतकीच आतल्या यंत्रणेत लागते. बाहेरील नळीत आणखी एक छोटी नळी स्प्रिंगच्या दाबाने धरलेली असते. वरची आणि बाजूची चकती फिरविली की ती सरकते व नेम बदलतो. प्रत्येक गोळीचा धक्का या रचनेला बसत असतो. चकतीच्या प्रचलित मापानुसार दहा क्लिकची चूक ३०० यार्डांवर सुमारे २० सेंटिमीटर होते. एवढ्या फरकाने जनावर ठार न होता जखमी अवस्थेत निसटू शकते. पश्चिमेकडील अनेक राज्यांत एल्कच्या शिकारीचे काही परवाने सोडतीने दिले जातात आणि त्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. कंपनी दुर्बीण बदलून देईल. गेलेला हंगाम परत देऊ शकणार नाही.

हमीच्या शब्दांनाही मर्यादा आहेत. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार लेखी हमी 'पूर्ण' की 'मर्यादित' हे स्पष्ट करावे लागते. पण हमी देण्याची सक्ती हा कायदा करीत नाही. 'आजीवन' म्हणजे नेमके कोणाचे आयुष्य, हे जाहिरातीत सांगावे, असे तेथील फेडरल ट्रेड कमिशनचे मार्गदर्शन आहे. धोरणेही बदलतात. मैदानी साहित्य विकणाऱ्या एल. एल. बीन कंपनीने आपली प्रसिद्ध बेमुदत परतीची सवलत २०१८ मध्ये नव्या खरेदीसाठी एक वर्षावर आणली.

त्यामुळे खरेदीनंतर लगेच चाचणी घेणे श्रेयस्कर. चकत्या ठरावीक क्लिक वर, उजवीकडे, खाली आणि डावीकडे फिरवून प्रत्येक टप्प्यावर गोळ्या झाडाव्यात. शेवटच्या गोळ्या पहिल्याच जागी लागल्या पाहिजेत. दुरुस्तीस किती आठवडे लागतात आणि टपालखर्च कोण सोसतो, हेही आधीच विचारावे. हमीपत्र विसंबण्यासाठी असते ते या चाचणीनंतर, चाचणीऐवजी नव्हे.