मोजणारा कोण आणि मोजतो काय?

विकासाचा प्रकल्प रखडला की मंत्रालयातून ठराविक उपाय सुचविला जातो : देखरेख वाढवा. मग नवी विवरणपत्रे निघतात, आढावा बैठकांची संख्या वाढते. सार्वजनिक पैशाचा हिशेब घेण्यास कोणताही समाजवादी विरोध करणार नाही. वाद आहे तो हिशेब कोण घेतो आणि कशाचा घेतो, याविषयी.

महाराष्ट्रातील पाटबंधाऱ्यांचेच पाहा. येथे प्रगती सांगितली जाते ती झालेल्या खर्चात आणि निर्माण झालेल्या ‘सिंचनक्षमते’त. क्षमता म्हणजे भिजलेले शेत नव्हे. धरण भरले, कालवा शेवटपर्यंत पोहोचला, चाऱ्या खोदल्या गेल्या, तर जे भिजू शकेल ते! ज्या खात्याने खर्च करायचा, त्याच खात्याने ही क्षमता जाहीर करायची. परीक्षार्थ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासण्याचा हा प्रकार होय. त्याचा परिणाम कामावरही होतो. खर्च हेच माप ठरले की पैसा धरणाच्या भिंतीकडे आणि मुख्य कालव्याकडे वळतो, कारण तेथे तो झपाट्याने खपतो. चाऱ्या-पोटचाऱ्यांची किचकट कामे मागे पडतात आणि टेलचा शेतकरी कोरडा राहतो.

राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीने दहा वर्षांत सिंचित क्षेत्राचे प्रमाण अवघे ०.१ टक्क्याने वाढल्याचे दाखविले. गदारोळ उठताच नोव्हेंबर २०१२ मध्ये श्वेतपत्रिका निघाली आणि तीत वाढ ५.१७ टक्के असल्याचा दावा करण्यात आला. जमीन तीच, सरकार तेच, उत्तरे मात्र दोन! पुढे काही वर्षे पाहणीतून हा आकडाच नाहीसा झाला. सरकार बदलले तरी रीत बदलली नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर ९,६३३ कोटींहून अधिक रुपये खर्च होऊनही भूजलपातळी वाढविण्यात फारसे यश आले नाही, असे महालेखापरीक्षकांनी २०२० साली नमूद केले. प्रशासनाने जलपरिपूर्ण ठरविलेल्या अनेक गावांत गरजेइतका साठाच नव्हता.

हे अटळ होते असे नाही. १९५२ साली सामुदायिक विकास योजनेबरोबरच नियोजन मंडळाने कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन केली, ती योजना राबविणाऱ्या यंत्रणेपासून बुद्ध्याच वेगळी ठेवून. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. द. गो. कर्वे तिचे पहिले संचालक. सरकारी पैशाने सरकारी योजनेचे दोष दाखविणारे अहवाल तेव्हा छापले जात. २०१५ साली ही संघटना नीती आयोगाच्या एका कार्यालयात विलीन झाली.

आमची मागणी अशी की, टेलच्या पाणीवापर संस्थेने पाणी मिळाल्याचा ठराव केल्याखेरीज वितरिकेला पूर्णत्वाचा दाखला देऊ नये आणि ठेकेदाराचे अखेरचे बिलही चुकते करू नये. पाणी मोजून घेण्याचा हक्क या संस्थांना २००५ च्या कायद्याने दिलेलाच आहे. तोवर कार्यकर्त्यांनी येत्या रब्बीत आपल्या भागातील टेलच्या चारीवर जावे, प्रत्येक आवर्तनात किती दिवस पाणी आले आणि किती एकर भिजले याची गटनंबरवार नोंद करावी आणि ती वही ग्रामसभेत जाहीरपणे वाचून दाखवावी.