मुरलेल्या पिंपाची गोष्ट

एका हाताने दिवाळी अंक धरून दुसऱ्या हाताने चकली मोडणाऱ्या वाचकांपुढे बियरचे पिंप आणून ठेवावे की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. शेवटी म्हटले, वर्षभर आपण या पानावर भेटतो; घरची गोष्ट घरच्यांपासून काय लपवायची? आणि ही गोष्ट घरचीच आहे.

आमचे गाव केम. पुण्याहून सोलापूरकडे जाताना जेऊर मागे पडले आणि कुर्डुवाडी अजून यायची असली की मध्ये लागते. सगळ्याच गाड्या तिथे थांबण्याची कृपा करीत नाहीत. गावाचे नाव तुम्हांला ठाऊक नसेल. पण गावचा माल तुमच्या देवघरात असण्याचा पुष्कळ संभव आहे. केमचे कुंकू दूरदूर जाते. आमच्या घरीही तोच धंदा. हळदीला लिंबाचा रस आणि टाकणखार लागला की पिवळ्याचे लाल होते, हा चमत्कार आम्ही पाटी-पेन्सिलीच्या आधी शिकलो. वहिनी या कामात इतक्या मुरलेल्या, की चिमूटभर कुंकू बोटांत चोळून त्यात भेसळ आहे की नाही ते सांगतील. एकदा खराब रंगाचे अख्खे पोते त्यांनी व्यापाऱ्याला परत पाठवले. त्या सणाला घरात नवे कापड आले नाही.

त्यांचा मुलगा रसायनशास्त्र शिकला. त्याने कुंकवात लक्ष घालावे अशी सर्वांची इच्छा. तो पुण्याला गेला आणि बियर बनवू लागला! महाराष्ट्रातली पहिली छोटी ब्रुअरी 2009 साली पुण्यातच निघाली. तिच्यामागून आणखी निघाल्या. त्यांतल्या एकीत हा.

गावात वहिनी सांगतात, “तो पेयांच्या कारखान्यात आहे.” खोटे नाही, पण पुरते खरेही नाही. त्याला कारण आहे. वहिनींच्या वडिलांनी हातभट्टीपायी विहिरीसकट सहा एकर रान घालवले. वहिनींच्या तोंडी ‘दारू’ हा शब्द येत नाही. त्या नुसते ‘ते’ म्हणतात.

यंदा बार्शीकडचे एक स्थळ सांगून आले. वहिनींनी मला ओसरीवर बोलावले.

“भाऊजी, मुलीकडच्यांना कुठं पाणी मुरतंय असं वाटायला नको. तुम्ही एकदा जाऊन बघा. तो काय करतो ते मला खरं सांगा. मग लोकांना काय सांगायचं ते मी बघते.”

मी थोडा शहाणपणा केला. म्हटले, “वहिनी, बाळंतपणात तुम्ही दशमूलारिष्ट घेतलंत ना? त्यातही आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो, पाच ते दहा टक्के. बियरइतकाच!”

“घेतलं की,” त्या म्हणाल्या, “वैद्यांनी सांगितलं तेवढंच, आणि चमच्यानं.”

यावर मला उत्तर नव्हते. मी पुण्याची गाडी धरली.

योगायोगाने त्याच आठवड्यात पुतण्याच्या ब्रुअरीचा वाढदिवस होता. त्या दिवशी तिथे दरवर्षी लाकडी पिंपांत मुरवलेल्या बियर चाखायला देतात. मागच्या खोलीत सहा पिंपे आडवी निजवली होती. काही व्हिस्कीची, दोन वाइनची. वाइनची आमच्याच जिल्ह्यातून, अकलूजकडून आलेली. तिथे इटालियन मंडळींच्या भागीदारीत वाइन होते, हे कित्येक सोलापूरकरांनाही माहीत नसेल.

“काका, लोणचं बरणीत मुरतं, ही पिंपात मुरते,” पुतण्या सांगू लागला. “फरक एवढाच, की बरणी स्वतःचं काही देत नाही. पिंप देतं.”

हे लाकूड ओकचे. ते आतून भाजलेले असते. उन्हाळ्यात बियर फुगते आणि लाकडात शिरते. थंडीत आक्रसते आणि लाकडातला वास नि रंग घेऊन बाहेर येते. व्हॅनिलाला जो सुवास असतो, त्याचेच द्रव्य ओकमध्येही असते. साधी बियर इतके दिवस टिकायची नाही. म्हणून मुरवायला कडक बियर घेतात. आपल्याकडे ती आठ टक्क्यांच्या आसपास, परदेशांत बारा-चौदापर्यंतही जाते. ही टूम अमेरिकेत वाढली, त्यालाही एक मजेदार कारण आहे. तिथल्या कायद्याप्रमाणे बर्बन व्हिस्की प्रत्येक वेळी कोऱ्या, भाजलेल्या ओकच्याच पिंपात ठेवावी लागते. मग एकदा वापरलेल्या पिंपांचे करायचे काय? बियरवाल्यांनी ती उचलली. भांड्याला दुसरा जन्म देणारी गृहिणी जगभर एकच!

मुरताना काही भाग लाकडातून उडून जातो. त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्या उन्हाळ्यात देवदूतांना तहान जरा जास्तच लागते.

सहापैकी एक पिंप रिकामे होते. मी विचारले.

“बिघडलं. आंबूस वास आला.”

“मग?”

“ओतून दिलं. दोनशे लिटर. नऊ महिन्यांची मेहनत.”

“मालक काही बोलले नाहीत?”

“बोलले की. पण मी चाखलं होतं ना, काका. ते लोकांना कसं देणार?”

मला ते परत गेलेले पोते आठवले. मी काही बोललो नाही.

मग चाखणे झाले. पेले एवढेसे, आमच्याकडच्या औषधाच्या पेल्याहून थोडे मोठे. पहिली बियर शाईसारखी काळी. अठराव्या शतकात लंडनहून अशी कडक काळी बियर रशियाच्या दरबारात जात असे. पहिला घोट मला मुळीच आवडला नाही. दुसऱ्याला जळक्या गुळाची आणि कॉफीची चव लागली, मागाहून व्हॅनिला. दुसरी बियर काकवीच्या रंगाची. खजूर नि मनुका एकत्र शिजवल्यासारखी. तिसरी वाइनच्या पिंपातली, कोकमाच्या साराची आठवण देणारी. प्रत्येकीचे दोन-दोन घोट घेऊन मी थांबलो. खरे सांगतो, चौथीची उत्सुकता होती.

पण शेजारच्या टेबलावर एक तरुण होता. त्याने आपले पेले संपवले, मित्रांचे संपवले. आवाज चढला, मग मान टेबलावर आली, मग पुन्हा पेला पुढे आला. पुतण्या उठला. त्याने पेला अलगद काढून घेतला आणि पाण्याचा तांब्या ठेवला.

“मी पैसे भरलेत!” तरुण ओरडला.

“ते परत देतो,” पुतण्या म्हणाला. त्याने मोटार बोलावली, त्याला धरून बाहेर नेले, मित्राबरोबर बसवून दिले. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“काका, एवढं आईला सांगू नका.”

परतीच्या गाडीत मी त्याच विचारात होतो. लाकूड बियरला शहाणपण देते, पिणाऱ्याला देत नाही. पिंपात कितीही मुरले तरी ‘ते’ ते ‘तेच’. हे लपवले तर वहिनींनी मला पाठवलेच कशाला? आणि सांगितले तर पोराची वर्षांची मेहनत एका रात्रीच्या दारुड्यापुढे हरायची.

ओसरीवर बसून मी सगळे सांगितले. कायदा, लाकूड, ओतून दिलेले पिंप, आणि तो तरुणही. वहिनी हळद निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग एकच प्रश्न.

“यानं पेला काढून घेतला, का भरून दिला?”

“काढून घेतला.”

“माझ्या बापाचा पेला कुणी काढून घेतला नाही,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा हळद निवडू लागल्या.

बार्शीची मंडळी आली तेव्हा वहिनींनी पोहे पुढे ठेवता ठेवताच सांगून टाकले, “मुलगा बियर बनवतो. पुढचं तुम्ही बघा.” मंडळी गप्प झाली. मुलीच्या आजीने मात्र पोहे दुसऱ्यांदा घेतले.

हे लिहीपर्यंत त्यांचा निरोप आलेला नाही. वहिनी म्हणतात, “येईल. मुरायला वेळ लागतो.”