ग्रहण, विळी आणि टाळू

परवा सुनेने विचारलं, "बाबा, ग्रहणात भाजी चिरली की बाळाचा ओठ फाटतो का हो?" नाही गं! ओठ-टाळू पहिल्या तीन महिन्यांतच जुळतात, विळीचा काय संबंध? उगाच आईला दोष.

माझ्या वर्गात सूरजागडकडचा एक मुलगा होता. टाळूला फट, शब्द नाकातून निघत. मुलं हसतील म्हणून मी त्याला कधी वाचायला उभं केलं नाही. त्यालाच दया समजत होतो.

२०२३ साली परदेशातल्या ५५८ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाराव्यापेक्षा सहाव्या महिन्यात टाळू शिवलेल्यांची हवा पाचव्या वर्षी बोलताना नाकातून कमी निसटे. आमचा पोरगा तशीच फट घेऊन पाचवीत आलेला!

सूरजागडच्या डोंगरावरून लोहखनिजाचे ट्रक उतरतात. त्याच रस्त्याने अशी बाळं वर्षाच्या आत सर्जनकडे पोचलीच पाहिजेत. जन्मताच नोंद व्हावी, गाडी सरकारने पाठवावी, सोबत आईची बुडालेली मजुरीही द्यावी.