उपचार संपले, तरी मदत संपू नये



घरातली आई आजारी पडली की त्याची पहिली नोंद बहुधा आपल्या हजेरीपटावर होते. मोठी मुलगी आधी उशिरा येते, मग आठवड्यातून दोन दिवस येत नाही. दिवाळीनंतर कापूस वेचणी जोरात असते, तेव्हा ती पूर्णच दिसेनाशी होते. कारण विचारलं की एकच उत्तर मिळतं, "मायची तब्येत बरी नाही." या उत्तरामागे कधी कधी स्तनाचा कर्करोग असतो. भारतातल्या स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची भर पडली.

आपला वर्धा जिल्हा या बाबतीत अगदीच उघडा नाही. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे आणि १९६९ साली सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. सावंगी मेघे येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. नागपूरला कॅन्सर रिलीफ सोसायटी ही संस्था राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय चालवते. मुंबईला टाटा रुग्णालयात जावं लागलं, तर राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. शासनाची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. एस.टी. आणि रेल्वेच्या भाड्यातही कर्करुग्णांना सवलत मिळते.

मग अडतं कुठे? माझ्या मते अडतं ते उपचार संपल्यानंतर. ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं की सगळे म्हणतात, "झाली न बाई बरी!" भेटायला येणारे थांबतात आणि मदत करणारेही थांबतात. पण त्या बाईचा खरा कठीण काळ तेव्हाच सुरू होतो.

बघा, या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका पुढे कित्येक वर्षं राहतो. त्या हाताला जखम होऊ द्यायची नाही, खूप ओझं उचलताना जपायचं, असं डॉक्टर सांगतात. आता आपल्याकडची वेचणी डोळ्यांसमोर आणा. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना ओरबाडतात. वेचलेल्या कापसाचं गाठोडं उचलून न्यावं लागतं. घरी आल्यावर विहिरीचं किंवा नळाचं पाणी, जनावरांचा चारा आहेच. मजुरीवर जगणाऱ्या बाईने हे सगळं टाळायचं कसं? काही जणींना पाच वर्षं किंवा त्याहून जास्त काळ गोळ्या घ्याव्या लागतात. तपासणीसाठी पुन्हा पुन्हा जावं लागतं आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. छातीची एक बाजू रिकामी झाल्याने लग्नकार्याला जाणं बंद होतं, ते वेगळंच. आणि आईचा हात जिथे थांबतो, तिथे मुलीचा हात लागतो. शाळा अशी सुटते.

मोठ्या शहरांत यासाठी काम करणाऱ्या संस्था आहेत. मुंबईची व्ही केअर ही संस्था १९९४ पासून रुग्णांना आणि घरच्यांना आधार देते. तिच्या स्वयंसेवकांत स्वतः या आजारातून बाहेर आलेले लोकही आहेत. सुती धाग्याने विणलेले हलके कृत्रिम स्तन मोफत देणारे महिलांचे गटही देशात आहेत. हे काम आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूर, कारंजा इथल्या गावांपर्यंत यायला हवं. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. बरी झालेली एक बाई दुसरीच्या घरी जाऊन बसली, तरी ते काम सुरू झालं असं समजा.

पैशाचं काय, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. सेवाग्रामच्या परिसरातल्या गावांत १९८० च्या दशकात ज्वारीवर चालणारी आरोग्य विमा योजना उभी राहिली. सुगीच्या वेळी प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, शेतीवाल्याने जास्त, भूमिहीनाने कमी, आणि आजारपणात सगळ्यांना आधार मिळायचा. यातली मोठी गोष्ट अशी की, आजारी माणसाला कोणापुढे हात पसरावा लागत नव्हता. त्याने आपला वाटा आधीच दिलेला असायचा. बचत गट, भजनी मंडळ, तरुण मंडळ यांनी वर्षाला थोडी रक्कम अशीच बाजूला ठेवली, तर तपासणीचं भाडं आणि वेचणीच्या महिन्यातला किराणा सहज निघेल. साडी देऊन फोटो काढण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

आता आपल्याकडे वळू या. "शाळेवर आधीच काय कमी कामं आहेत?" असं तुम्ही म्हणाल, आणि ते खोटं नाही. पण मी नवीन काम सांगत नाही. गैरहजेरीचं कारण आपण विचारतोच, ते एक पाऊल पुढे जाऊन विचारू. गावच्या आशाताईंशी बोलू. दुर्धर आजार असलेल्या पालकांच्या मुलांना बालसंगोपन योजनेचा लाभ मिळू शकतो का, याची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करू. कर्करोग शिवल्याने होत नाही, हे वर्गात सहज सांगू, म्हणजे त्या मुलीच्या डब्याला कोणी नाक मुरडणार नाही. मात्र तिच्या आईच्या आजाराचं नाव वर्गात कधीही घ्यायचं नाही. ते सांगायचं की नाही, हे त्या घराने ठरवायचं.

पालकहो, तुमच्याकडूनही एकच मागणं आहे. शेजारच्या घरी असं आजारपण येऊन गेलं असेल, तर सहा महिन्यांनी पुन्हा एकदा त्या घरी जा. "काय झालं होतं?" असं विचारू नका. "उद्या पाणी मी भरून देते, पोरीला शाळेत जाऊ दे," एवढंच म्हणा.