मनगट हलवणं म्हणजे निर्णय नव्हे

माणसाला इच्छास्वातंत्र्य नाही, हे सांगताना बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगाचा हवाला सर्रास दिला जातो. घड्याळासारख्या तबकडीवर फिरणारा ठिपका पाहत, वाटेल तेव्हा मनगट हलवायचं, एवढंच त्यात काम होतं. इच्छा जाणवण्याच्या साधारण एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत हालचाल सुरू झालेली दिसली. पण मनगट आत्ता हलवलं काय नि क्षणभरानं काय, कुणाचं काय अडतं? २०१९ मध्ये उरी माओझ आणि सहकाऱ्यांनी खरोखरची देणगी कुठे द्यायची हे लोकांना ठरवायला लावलं, तेव्हा ती पूर्वखूण जवळपास दिसलीच नाही. मेंदूबाहेर निर्णय होत नाही, हा आक्षेप मान्यच. पण कारणं तोलणारा तो मेंदू आपलाच असतो. अशा प्रयोगाच्या जोरावर गुन्हेगाराची जबाबदारी पुसून टाकणं मला साफ चुकीचं वाटतं.